वाचकांचे प्रश्न : मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आणि मंदावणारी बुद्धी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. एमआरआयच्या अहवालात बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचा उल्लेख येतो, घरच्यांना त्याचा अर्थ नीट कोणी सांगत नाही आणि मग एक तर धास्ती बसते किंवा तो कागद फाइलमध्ये पडून राहतो. म्हणून या वेळचे सदर याच आजारासाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे असून त्यांनी आयुष्यभर हिशेबाचे काम केले. गेल्या दोन वर्षांत ते फार संथ झाले आहेत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात, पण बऱ्याच वेळाने. एखादा अर्ज भरायला बसले की अर्ध्यावर सोडून देतात. स्वतःहून काहीच सुरू करत नाहीत आणि चालताना पावले आखूड पडतात. मात्र कोणाचे लग्न कोणत्या वर्षी झाले, हे त्यांना आमच्यापेक्षा नीट आठवते. चक्कर आली म्हणून एमआरआय काढला, तेव्हा ‘बारीक रक्तवाहिन्यांचा जुनाट आजार, फाझेकास श्रेणी 2’ असे लिहून आले आणि ‘हे वयामुळे आहे, काळजी नको’ असे आम्हाला सांगण्यात आले. घरात सगळे म्हणतात की ते आळशी झाले आहेत. हा अल्झायमर आहे का?

उत्तर : तुम्ही वडिलांचे जे वर्णन केले आहे, त्यातला ‘संथ’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यांना आळशी म्हणणे घरच्यांनी आजपासून थांबवावे, अशी माझी पहिली विनंती आहे. ज्या माणसाने आयुष्यभर आकड्यांची शिस्त पाळली, तो सत्तरीनंतर अचानक कामचुकार होत नाही. त्यांच्या मेंदूतील निरोप पोहोचवणाऱ्या वाटा खराब झाल्या असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्या कशा खराब होतात हे समजले की त्यांच्या वागण्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांमधून अत्यंत बारीक धमनिका फुटतात आणि थेट आत खोलवर शिरतात. या धमनिका एकमेकींना फारशा जोडलेल्या नसल्यामुळे एक बंद पडली तर तिच्या वाट्याच्या भागाला दुसरीकडून रक्त मिळणे कठीण होते. शिवाय मोठ्या धमनीतला दाब फारसा कमी न होता या धमनिकांवर येऊन आदळतो. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतला मार्ग अरुंद होतो आणि गरजेनुसार रुंदावण्याची त्यांची क्षमता कमी होते. काही ठिकाणी भिंतीतून रक्तातील द्रव आजूबाजूच्या ऊतीत झिरपू लागतो. धूम्रपान आणि मधुमेह या बिघाडात भर घालतात.

या बिघाडाचा सर्वाधिक फटका बसतो तो मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला. या भागात चेतापेशींचे लांब तंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते, ज्यामुळे निरोप वेगाने धावतात. आवरण खराब झाले की निरोप पोहोचतो, पण रेंगाळत पोहोचतो. विचाराची सुरुवात करणे, कामाचे टप्पे ठरवणे, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे ही कामे मेंदूचा कपाळामागचा भाग आणि खोलवरची केंद्रे मिळून करतात, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा नेमक्या याच भागातून जातात. पाय उचलण्याचे आणि लघवी रोखून धरण्याचे आदेशही याच परिसरातून जात असल्यामुळे आखूड पावले, तोल सांभाळताना होणारी ओढाताण आणि लघवीची घाई या तक्रारी संथपणाच्या जोडीने दिसतात. वडिलांची पावले आखूड पडतात, ही नोंद तुम्ही केलीत हे फार चांगले केलेत, कारण विचारांचा संथपणा आणि चालीतला बदल यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे बहुतेक कुटुंबांच्या ध्यानातच येत नाही.

आता अहवालाविषयी. फाझेकास श्रेणी ही ऑस्ट्रियाचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्झ फाझेकास यांनी सहकाऱ्यांसह 1987 मध्ये मांडली. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात जे चकाकणारे डाग दिसतात, ते तीत 0 ते 3 अशा अंशांनी मोजतात. 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे एकमेकांत मिसळू लागलेले डाग आणि 3 म्हणजे एकत्र होऊन पसरलेले मोठे पट्टे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 60 ते 90 वर्षे वयाच्या हजाराहून अधिक लोकांची तपासणी झाली, तेव्हा एकही डाग नसलेले लोक सुमारे 5 टक्केच निघाले. त्या अर्थाने ‘वयामुळे’ हा शब्द चुकीचा नाही. सत्तरीच्या माणसात श्रेणी 1 चे ठिपके दिसले आणि त्याला काही त्रास नसेल, तर मीही घरच्यांना धीरच देईन. पण श्रेणी 2, सोबत दोन वर्षांचा संथपणा आणि बदललेली चाल असताना त्याच शब्दावर थांबणे मला मान्य नाही. अहवालात आणखी दोन गोष्टींचा उल्लेख आहे का ते पाहावे. 3 ते 15 मिलिमीटर आकाराच्या लहान पोकळ्या, म्हणजे लॅक्यून, हे पूर्वी कधीतरी एखादी धमनिका बंद पडून झालेल्या लहानशा पक्षाघाताचे व्रण असतात आणि असा पक्षाघात पुष्कळदा रुग्णाच्या नकळत होऊन जातो. सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा असतील तर त्या मेंदूत खोलवर आहेत की पृष्ठभागाजवळ, हेही विचारावे, कारण खोलवरच्या खुणा बहुधा उच्च रक्तदाबाकडे बोट दाखवतात, तर पृष्ठभागाजवळच्या खुणा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमिलॉइड प्रथिन साचल्याची शंका निर्माण करतात.

हा अल्झायमर आहे का, हे पत्रावरून ठरवता येणार नाही, पण एक फरक सांगतो. अल्झायमरमध्ये बहुधा नवी आठवण मेंदूत साठवलीच जात नाही, त्यामुळे ‘सकाळी कोण आले होते’ या प्रश्नावर कितीही खुणा दिल्या तरी माणूस कोराच राहतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात आठवण बऱ्याचदा साठवलेली असते, ती वर काढायला वेळ लागतो आणि पहिले अक्षर किंवा एखादी खूण सांगितली की उत्तर येते. घरी याकडे लक्ष ठेवा. अर्थात उतारवयात हे दोन्ही आजार एकाच मेंदूत असणे मुळीच दुर्मीळ नाही. जाता जाता एक ऐतिहासिक गोष्ट सांगावीशी वाटते. रक्तवाहिन्यांमुळे पांढरा भाग झिजून येणाऱ्या बुद्धिमांद्याचे वर्णन ओटो बिन्सवांगर यांनी 1894 मध्ये केले आणि 1902 मध्ये त्यावर अधिक लिहिणारे होते आलोइस अल्झायमर, ज्यांचे नाव पुढे दुसऱ्याच आजाराला मिळाले. त्या नावाची प्रसिद्धी एवढी वाढली की रक्तवाहिन्यांचे दुखणे मागे पडले, आणि त्याचे नुकसान आजही तुमच्या वडिलांसारख्या रुग्णांना सोसावे लागते.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा विचाराचा वेग आणि नियोजन तपासणारी चाचणी करण्याचा आग्रह धरा. 1975 पासून वापरात असलेल्या 30 गुणांच्या एमएमएसई या चाचणीचा भर तारीख-वार, स्मरण आणि भाषेवर असल्यामुळे अशा रुग्णांना तीत चांगले गुण पडतात आणि सगळे ठीक असल्याचा गैरसमज होतो. 2005 मध्ये आलेली मोका ही चाचणी या बाबतीत अधिक उपयुक्त आहे. सोबत थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्व, साखर, नैराश्य आणि झोपेत श्वास अडखळणे यांचीही तपासणी व्हावी. ते ॲलर्जीच्या, झोपेच्या किंवा लघवी रोखण्याच्या गोळ्या घेत असतील तर त्या दाखवा, कारण त्यांपैकी काही गोळ्या बुद्धीला आणखी जड करतात. आखूड पावले आणि लघवीची घाई मेंदूतील पोकळ्यांत पाणी साचल्यानेही होते आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो, म्हणून ती शक्यता एमआरआय पुन्हा पाहून वगळून घ्यावी.

प्रश्न : माझे पती 68 वर्षांचे आहेत. त्यांच्या एमआरआयमध्ये असेच डाग आहेत. एक डॉक्टर म्हणतात की रक्तदाब 120 च्या खाली आणा, दुसरे म्हणतात की या वयात 140 चालतो, आणि औषध वाढवले की यांना उठताना अंधारी येते. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : या आजारात आपल्या हाती असलेला सर्वांत भक्कम उपाय रक्तदाबावरील नियंत्रण हाच आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला सविस्तर उत्तर देण्याजोगा वाटतो.

अमेरिकेत झालेल्या स्प्रिंट या चाचणीत 50 वर्षांवरील 9361 लोकांचे दोन गट केले होते. एका गटात वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणायचा होता, दुसऱ्यात 140 च्या खाली. 2019 मध्ये बुद्धीविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा 120 च्या गटात सौम्य बौद्धिक घट होण्याचे प्रमाण 19 टक्क्यांनी कमी आढळले. स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही कमी दिसले, परंतु तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका स्पष्ट नव्हता. ज्यांचे एमआरआय सुमारे चार वर्षांच्या अंतराने दोनदा झाले, त्यांच्यात डागांची वाढ 120 च्या गटात सरासरी 0.92 घन सेंटिमीटर आणि 140 च्या गटात 1.45 घन सेंटिमीटर झाली होती. हा लाभ थोडा दिसतो, पण आयुष्याची पुढची वीस वर्षे समोर असलेल्या माणसासाठी मी तो थोडा मानत नाही.

मात्र या आकड्यांमागच्या अटी लक्षात घ्या. मधुमेह असलेले, पूर्वी पक्षाघात झालेले आणि उभे राहिल्यावर वरचा दाब 110 पेक्षा खाली जाणारे लोक या चाचणीत घेतले नव्हते. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे शांत बसवले जात असे आणि यंत्राने एकापेक्षा अधिक वेळा मोजून सरासरी काढली जात असे. जिना चढून आल्यावर घाईघाईत घेतलेल्या एका आकड्याची तुलना त्या 120 शी करता येत नाही. ज्यांना या बारीक धमनिकांमुळे पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यावर झालेल्या एका मोठ्या चाचणीत 130 च्या खालचे लक्ष्य ठेवल्याने मेंदूतील रक्तस्राव निम्म्याहून अधिक घटला होता, म्हणून त्यांच्यासाठी पुष्कळ डॉक्टर 130 हा आकडा धरतात.

तुमच्या पतींना उठताना अंधारी येते, ही गोष्ट दोन्ही डॉक्टरांना सांगितली आहे का? त्यांचा रक्तदाब आडवे असताना, उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला असा मोजून लिहून ठेवा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर औषधाचा प्रकार किंवा वेळ बदलावी लागेल आणि लक्ष्याकडे आठवड्यांऐवजी महिन्यांच्या गतीने जावे लागेल. ताठ झालेल्या धमनिकांना दाबातली अचानक घसरण सोसत नाही, आणि पडून माकडहाड किंवा खुबा मोडणे हेही या वयात लहान संकट नाही. दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. तुमच्या पतींच्या बाबतीत त्यांपैकी कोणते लागू पडते, हे त्या तीन आकड्यांवरून बऱ्याच अंशी ठरेल. औषध मनाने बंद करू नका, एवढे मात्र पाळा.

प्रश्न : मी 58 वर्षांची आहे. अर्धशिशीसाठी एमआरआय काढला, त्यात काही पांढरे ठिपके निघाले. मला दुसरा काही त्रास नाही. ओळखीतल्या एकांनी रोज ॲस्पिरिन सुरू करायला सांगितले आहे.

उत्तर : सुरू करू नका. पक्षाघात झालेला नाही, हृदयाचा आजार नाही आणि केवळ एमआरआयमध्ये ठिपके दिसले आहेत, अशा माणसांना ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे देऊ नयेत, असाच युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांचा रोख आहे. या आजारात नळ्या बंद पडण्याबरोबरच भिंती कमकुवत होऊन रक्त झिरपण्याचाही धोका असतो, त्यामुळे लाभाची खात्री नसताना रक्तस्रावाची जोखीम पत्करणे योग्य नाही. बारीक धमनिकांचा पक्षाघात झालेल्यांमध्येसुद्धा ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाची दीर्घकाळ जोड दिल्याने नवे पक्षाघात कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले, हे 2012 मध्ये सिद्ध झाले आहे. अर्धशिशी असलेल्यांत असे काही ठिपके दिसणे नेहमीचे असते. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, धूम्रपान करत असाल तर सोडा आणि ठिपक्यांच्या धास्तीने दर वर्षी एमआरआय काढू नका.

प्रश्न : माझे वय 44. वडिलांना पन्नाशीत पक्षाघात झाला आणि साठीपर्यंत त्यांची बुद्धी फार मंदावली, पण त्यांना रक्तदाब नव्हता. काकांचेही तसेच झाले. माझ्या भावाला डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात. हे आनुवंशिक असू शकते का?

उत्तर : असू शकते आणि तपासून पाहणे योग्य ठरेल. कॅडॅसिल नावाचा या गटातला आनुवंशिक आजार 19 व्या गुणसूत्रावरील नॉच-3 या जनुकातील दोषामुळे होतो. हे जनुक फ्रान्समधील संशोधकांनी 1996 मध्ये शोधले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोष आला तरी आजार होऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. तरुणपणी दृष्टीच्या लक्षणांसह अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत लहान पक्षाघात आणि पुढे बौद्धिक घट, असा त्याचा नेहमीचा क्रम असतो, पण एकाच घरातल्या दोन माणसांतही तीव्रता फार वेगळी असू शकते. एमआरआयमध्ये कानशिलाकडील भागाच्या पुढच्या टोकाला डाग दिसले, तर तज्ज्ञ लगेच या आजाराचा विचार करतात.

शक्य असल्यास आधी लक्षणे असलेल्या व्यक्तीची, म्हणजे तुमच्या घरात भावाची, तपासणी व्हावी. तुम्हाला काहीही त्रास नसताना जनुकाची चाचणी करायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. त्याआधी आनुवंशिकता-समुपदेशकाशी बोलून घ्या, कारण आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही आणि होकारार्थी निकालाचे ओझे माणसाला पुढे अनेक वर्षे वाहावे लागते. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची चाचणी करू नये. निकाल काहीही आला तरी धूम्रपान पूर्ण बंद ठेवणे आणि रक्तदाब नियमित पाहणे यांचा तुम्हाला लाभच होईल, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या कॅडॅसिलच्या रुग्णांना पक्षाघात लवकर होतो, असे आढळले आहे.

प्रश्न : आईला या आजाराचे निदान झाले आहे. स्मरणशक्तीच्या गोळ्यांचा उपयोग होईल का? परदेशातली बहीण अल्झायमरच्या नव्या इंजेक्शनांविषयी सांगते. दुसरे म्हणजे आई एकाएकी रडू लागते आणि क्षणात शांत होते, दिवसभर खिडकीशी बसून राहते. आम्ही रागावतो आणि मग वाईट वाटते. तिच्याशी कसे वागावे?

उत्तर : डोनेपेझिल, गॅलँटामिन, मेमँटिन या गोळ्यांचा रक्तवाहिन्यांमुळे आलेल्या बुद्धिमांद्यात उपयोग झालाच तर थोडा होतो. अल्झायमरही सोबत असावा अशी शंका असेल, तर डॉक्टर त्या देऊन पाहतात. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शने अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमिलॉइड प्रथिन हटवण्यासाठी आहेत, धमनिका दुरुस्त करण्यासाठी नाहीत. त्यांच्यामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, आणि लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत चारपेक्षा अधिक सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा असलेल्यांना घेतलेच नव्हते. बहिणीला हे जरूर कळवा. धमनिकांवर काम करणाऱ्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझॉल या जुन्या औषधांची ब्रिटनमध्ये 363 रुग्णांवर चाचणी झाली. 2023 मध्ये आलेले तिचे निकाल आशादायक आहेत, पण तेवढ्यावर ही औषधे सर्वांना सुरू करावीत असे मी म्हणणार नाही. काही रुग्णांमध्ये डाग वाढायचे थांबतात, क्वचित काही डाग आक्रसतातही, त्यामुळे आईचा रक्तदाब आणि साखर सांभाळण्यात हयगय नको.

आई रडते तेव्हा तिला प्रत्येक वेळी तेवढे दुःख झालेले असतेच असे नाही. भावना व्यक्त होण्याला आवर घालणाऱ्या वाटा बिघडल्या की रडू किंवा हसू कारणाशिवाय फुटते. अशा वेळी ‘का रडतेस’ असा उलटतपास न करता हळूच दुसरा विषय काढावा. हे वारंवार होत असेल किंवा त्यामागे खरे नैराश्य असेल, तर दोन्हींवर औषधोपचार आहेत. खिडकीशी बसून राहणे हा निरुत्साह आजाराचाच भाग आहे. तिची इच्छा मेलेली नसते, पण काम सुरू करून देणारी आतली ढकल मिळत नाही. ‘आज काय करायचे?’ असे विचारले तर ती गप्प राहील, पण ‘चल, आपण दोघी फिरायला जाऊ’ म्हणून चपला पुढे ठेवल्या तर बहुधा उठेल. एका वेळी एकच गोष्ट सांगा, दूरचित्रवाणी बंद करून सांगा आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. आपण तिसऱ्या आकड्यालाच तिच्या वतीने उत्तर देऊन टाकतो, असे मी बहुतेक घरांत पाहिले आहे. चालताना तिच्याशी बोलू नका, कारण एकाच वेळी चालणे आणि विचार करणे अशा रुग्णांना झेपत नाही आणि तोल जातो. रात्री स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दिवा राहू द्या. तिला कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावून घ्या. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर थोडे थांबून पाहू असे म्हणू नका, त्याच मिनिटाला रुग्णालय गाठा, आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते तिथे सर्वांत आधी सांगा.